पाचवीचे दार बंद करू नका : आमच्या जेझुइट शाळेच्या व्यवस्थापन मंडळास खुले पत्र

आदरणीय फादर रेक्टर, आदरणीय फादर प्रिन्सिपल आणि व्यवस्थापन मंडळाचे सर्व सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

शाळेच्या अनुदानित विभागात येत्या जूनपासून पाचवीचे प्रवेश घेतले जाणार नाहीत, त्यानंतर दरवर्षी एकेक इयत्ता कमी होत हा विभाग बंद होईल आणि रिकाम्या होणाऱ्या वर्गखोल्यांत आंतरराष्ट्रीय मंडळाची विनाअनुदानित शाळा भरेल, असे आपल्या परिपत्रकावरून कळले. हा निर्णय मला मान्य नाही. ज्या परंपरेच्या नावावर ही मुलांची शाळा शंभरहून अधिक वर्षे मुंबईत मानाने उभी आहे, त्या परंपरेच्या मूळ नियमांनाच हा निर्णय छेद देतो, असे मला पूर्ण विचारांती वाटते. माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या निवेदनाची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. शाळेचे नाव मात्र मी लिहिलेले नाही. शाळेची बदनामी व्हावी अशी माझी इच्छा नाही, आणि असाच विचार चालू असलेल्या इतर शाळांच्या व्यवस्थापनांनीही हे पत्र आपल्यालाच आले आहे असे समजून वाचावे, अशी विनंती आहे.

या विषयात बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की मी त्या पाचवीच्या दारातून आत आलो. चौथीपर्यंत मी महापालिकेच्या मराठी शाळेत होतो. १९८२ च्या संपात गिरणी बंद पडली आणि वडिलांचा पगार थांबला, त्यानंतरच्या जूनमध्ये आई मला घेऊन आपल्या शाळेच्या कार्यालयात आली. त्या वेळच्या फादरांनी माझी गुणपत्रिका पाहिली, एक मराठी उतारा वाचायला लावला, चार गणिते घातली आणि प्रवेश दिला. सत्र-फी माफ झाली, पुस्तके शाळेच्या पुस्तकपेढीतून मिळाली. इंग्रजीचे एक वाक्य धड न येणारी आम्ही आठ-दहा मुले त्या वर्गात होतो, आणि आमच्यासाठी शाळा भरण्याआधी रोज एक वेगळा तास असे.

तो तास घेणारे वृद्ध फादर स्पेनहून आलेले होते. ते धडा लगेच शिकवायला घेत नसत. आधी उतारा स्वतः सावकाश वाचत, त्यात काय पाहायचे ते सांगत, अवघड वाटतील ते दोन-तीन शब्द फळ्यावर लिहीत आणि मगच पुस्तक उघडायला सांगत. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीचे सगळे आमच्यापैकी कोणीतरी उभे राहून सांगायचे, आणि शनिवारी आठवड्याची उजळणी. अधूनमधून ते आमच्याकडून मराठी शिकत. ‘ळ’ त्यांच्या जिभेवर नीट बसत नसे. ‘बाळ’, ‘काळ’, ‘फळा’ असे शब्द ते आमच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेत आणि चुकले की आम्हाला दुरुस्त करायला लावत. सत्तरीच्या माणसाला दहा वर्षांच्या मुलाने दुरुस्त करावे आणि त्याने ते मान्य करून पुन्हा म्हणावे, हे आम्ही त्याआधी कुठल्याही शाळेत पाहिले नव्हते. इंग्रजी बोलण्याची भीती माझ्या मनातून गेली ती त्यामुळे.

पुढे बऱ्याच वर्षांनी शाळेच्या इतिहासाची कागदपत्रे लावण्याचे काम माजी विद्यार्थी संघाने माझ्याकडे सोपवले, तेव्हा लक्षात आले की ती पद्धत त्या फादरांची एकट्याची नव्हती. आधी वाचन व विवरण, मग विद्यार्थ्याचे पठण, दुसऱ्या दिवशी पुनरावृत्ती, शनिवारी आठवड्याची उजळणी हा क्रम येशूसंघाने, म्हणजे जेझुइट पाद्रींच्या संघाने, १५९९ मध्ये सर्व विद्यालयांसाठी लागू केलेल्या ‘रातिओ स्तुदिओरुम’ या अभ्यासनियमावलीत घालून दिलेला आहे. व्याकरणाच्या तीन पायऱ्या, त्यावर साहित्य, त्यावर वक्तृत्व. सकाळी साधारण अडीच तास, दुपारी अडीच तास. एका पायरीवरून दुसरीवर चढण्यासाठी परीक्षा. वर्गाचे दोन पक्ष करून त्यांच्यात प्रश्नोत्तरांची चुरस. आपल्या शाळेत जुन्या जेझुइट शाळांतल्यासारखे ‘रोमन’ आणि ‘कार्थेजियन’ असे पक्ष नव्हते, पण खिडकीकडची बाके विरुद्ध भिंतीकडची बाके अशी शुद्धलेखनाची स्पर्धा होती, आणि तिचा उगम त्याच नियमावलीत आहे.

याच नियमावलीतील दोन नियम आपल्यासमोर ठेवतो, कारण माझे संपूर्ण म्हणणे त्यांवर उभे आहे. खालच्या वर्गांच्या प्रमुखासाठीचा एक नियम सांगतो की कोणी गरीब किंवा सामान्य कुळातला आहे एवढ्या कारणावरून त्याला प्रवेश नाकारू नये. शिक्षकांसाठीचा दुसरा नियम सांगतो की कोणालाही तुच्छ लेखू नये आणि श्रीमंत मुलाच्या अभ्यासाची जितकी काळजी घ्यावी तितकीच गरीब मुलाचीही घ्यावी. हे नियम चारशे वर्षांपूर्वीचे आहेत, आणि ते लिहिले गेले तेव्हा युरोपात अशी वागणूक मुळीच सर्वसामान्य नव्हती.

त्याहीआधीचा दाखला देतो. संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी येशूसंघाची पहिली मोठी शाळा १५४८ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे निघाली. १५५१ मध्ये रोममध्ये जी शाळा उघडली, तिच्या दारावर ‘व्याकरण, साहित्य व ख्रिस्ती शिकवण यांची शाळा, विनामूल्य’ अशा अर्थाची पाटी होती. संस्थापक इग्नेशियस लोयोला यांचा आग्रह असा की शिकवण्याचा मोबदला विद्यार्थ्याकडून घ्यायचा नाही. शाळा चालेल ती देणग्यांवर. याच रोमच्या विद्यालयात क्लावियस गणित शिकवत होते, ज्यांचा १५८२ च्या दिनदर्शिका-सुधारणेत मोठा वाटा होता. फुकट शिकवणारी शाळा म्हणजे दुय्यम दर्जाची शाळा असे समीकरण त्या काळी कोणी मांडले असते, तर ते तिथेच खोटे ठरले असते. १७७३ मध्ये पोपने येशूसंघच बरखास्त केला. तोपर्यंत त्याची सातशेहून अधिक विद्यालये जगभर होती, ती जवळजवळ सगळी एका फटक्यात हातची गेली. १८१४ मध्ये संघ पुन्हा उभा राहिला तेव्हा जुन्या देणग्या, जमिनी काहीच उरले नव्हते, आणि त्यामुळे १८३३ मध्ये फी घेण्याची सवलत खास परवानगीने मिळवावी लागली. फी ही अपवाद म्हणून आली, नाइलाजाने आली. आज आपण जे करत आहात त्यात तो अपवादच नियम होतो आहे.

मुंबईकडे येतो. वांद्र्याचे सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ चे, माझगावचे सेंट मेरीज १८६४ चे, पुण्याचे सेंट व्हिन्सेंट्स १८६७ चे आणि धोबीतलावचे सेंट झेवियर्स १८६९ चे. सहा-सात वर्षांत जर्मन भाषक जेझुइटांनी या प्रांतात उभ्या केलेल्या या संस्था पाहिल्या म्हणजे त्यांच्या कामाचा झपाटा कळतो. पहिल्या महायुद्धात हे जर्मन फादर शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले, स्थानबद्ध झाले, बहुतेकांना देश सोडावा लागला, आणि १९२२ च्या सुमारास स्पेनमधून त्यांच्या जागी नवे फादर येऊ लागले. इतिहासकार हेनरी हेरास त्याच वर्षी आले. १९२६ मध्ये त्यांनी झेवियर्स महाविद्यालयात इतिहास संशोधन संस्था काढली आणि १९५५ मध्ये मुंबईतच देह ठेवला. वनस्पतिशास्त्रज्ञ सांतापाव यांनी खंडाळ्याच्या घाटातील वनस्पतींची जी नोंद केली, ती आजही अभ्यासकांना लागते. परदेशातून आलेल्या या माणसांनी इथला दगड, इथली पाने, इथली नाणी, इथली भाषा अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणली. ‘जागतिक दर्जा’ हा शब्द आपल्या परिपत्रकात वारंवार आला आहे. तो दर्जा या लोकांनी इथल्या मातीचे काम करून मिळवला होता.

भाषेबाबत तर जेझुइट परंपरेइतका ठोस पुरावा मराठीत दुसरा सापडणे कठीण. भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात, येशूसंघाच्या सेंट पॉल विद्यालयात सुरू झाला. इंग्लंडमध्ये जन्मलेले थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले, तिथल्या साष्टी भागातील गावांत चाळीस वर्षे राहिले, कोकणीचे व्याकरण लिहिले आणि १६१६ मध्ये राचोल येथे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण छापले. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीत, मराठीची मनापासून थोरवी गात, एका जेझुइटाने आपल्या धर्माची कथा सांगितली. गोव्यातील त्या काळाचा सगळा इतिहास उजळ नाही, धर्मन्यायसभेचा (इन्क्विझिशनचा) आणि सक्तीचा काळ तोच आहे, आणि मी तो विसरून हे लिहीत नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक बोली मोडून काढण्याचा हुकूम काढला, तोही त्याच भूमीत. राज्यकर्त्याने फर्मान काढून लोकांची भाषा मागे ढकलायची, की पाद्रीने ओवी शिकून त्या भाषेत ग्रंथ रचायचा, असे दोन्ही मार्ग गोव्यात होते. शाळा कोणत्या मार्गाचा वारसा सांगते, हे मी आपल्याला विचारतो आहे. येशूसंघाने स्वतःच १८३२ मध्ये जुन्या नियमावलीत बदल करून लॅटिनच्या जोडीला देशी भाषा, इतिहास, भूगोल आणि विज्ञान यांना अधिक जागा दिली, म्हणजे काळाबरोबर बदलण्याची दिशाही संघाने लोकभाषेकडेच ठेवली होती.

हे सारे मांडल्यावर माझ्या तक्रारी सांगतो.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार पाचवीच्या दाराचीच आहे. आसपासच्या पालिका शाळांतून आणि वस्तीतल्या छोट्या शाळांतून चौथी झालेल्या मुलाला, लाखांची फी न भरता, चांगल्या माध्यमिक शाळेत जाण्याचा जो एक रस्ता या भागात होता, तो हा होता. शाळेचे जुने प्रवेशअर्ज मी लावले आहेत. पालकाचा व्यवसाय या रकान्यात एकाखाली एक ‘रेल्वे फिटर’, ‘वकील’, ‘गोदी हमाल’, ‘शिंपी’, ‘डॉक्टर’, ‘भाजीविक्री’, ‘मिल जॉबर’ असे लिहिलेले आहे, आणि ही सगळी मुले एकाच तुकडीत, एकाच बाकावर बसत होती. वकिलाच्या मुलालाही या शाळेने जे दिले त्यातला मोठा भाग हमालाच्या मुलाशेजारी बसण्यातून आला. आपल्या नव्या शाळेच्या प्रवेशअर्जात हा रकाना असला तरी त्यात एकाच प्रकारचे शब्द येतील.

यावर कोणी म्हणेल की शिक्षण हक्क कायदा आहे, त्यात खासगी शाळांत गरीब मुलांसाठी पंचवीस टक्के जागा आहेत. पण अल्पसंख्याक संस्थांना ते कलम लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या निकालात सांगितले आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या घटनादत्त हक्काचा मी पूर्ण आदर करतो. त्या हक्कामुळेच या शाळा टिकल्या. मात्र याचा अर्थ असा की नव्या शाळेत गरिबाच्या मुलाला आणण्याची सक्ती कोणताही कायदा आपल्यावर करणार नाही. आपण मनावर घेतले तरच ते मूल आत येईल. अनुदानित विभाग हाच आजवर त्याचा हमखास मार्ग होता, आणि तोच आपण बंद करत आहात.

दुसरी तक्रार निर्णयाच्या रीतीची. परिपत्रक इंग्रजीत निघाले आणि मोबाइल अॅपवर टाकले गेले. ज्या विभागाबद्दल ते आहे त्या विभागातील अनेक पालकांनी ते आपल्या मुलांकडून वाचून घेतले. आपली तुकडी शेवटची आहे, आपला धाकटा भाऊ इथे येऊ शकणार नाही, हे सातवीतल्या मुलाने आईला मराठीत समजावून सांगायचे, अशी वेळ शाळेने आणायला नको होती. पालक-शिक्षक संघाची सभा निर्णयानंतर झाली. शिक्षकांना तर ‘समायोजन होईल’ एवढेच कळवले गेले. अनुदानित शाळेतील शिक्षक अतिरिक्त ठरला म्हणजे त्याच्या वाट्याला काय येते, हे शिक्षण खात्याच्या याद्या पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही: कुठली शाळा, कधी, किती लांब, याची खात्री नाही, आणि वीस-वीस वर्षे एकाच वर्गात उभे राहिलेल्या माणसाला नव्या जागी उपऱ्यासारखे रुजू व्हायचे.

तिसरी तक्रार मराठीची. राज्यात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी शिकवावीच लागते, त्यामुळे नव्या शाळेतही ती असेल, असे परिपत्रकात म्हटले आहे. पण वेळापत्रकाच्या मसुद्यात मराठीला आठवड्याला दोन तासिका आहेत, तिसरीपर्यंत त्या तोंडी कार्यासाठी, आणि सध्याच्या मराठी शिक्षकांपैकी कोणालाही तिथे घेण्याचा उल्लेख नाही. कायदा पाळला जाईल एवढीच तजवीज यात दिसते. मराठी शिकवली जाईल असा हेतू मला त्यात सापडला नाही. आपल्या शाळेत दहावीच्या मराठीच्या पेपराची तयारी जशी होई, निबंध तपासून समासात लाल शाईने ‘हे वाक्य मोडून दोन कर’, ‘हा शब्द तुझा नाही, तुझा शब्द शोध’ असे जे लिहून मिळे, त्याची जागा दोन तोंडी तासिका घेऊ शकत नाहीत.

चौथी तक्रार ग्रंथालयाची. जागा मोकळी करण्यासाठी जुन्या पुस्तकांचे निर्लेखन, म्हणजे ती नोंदीतून कमी करून काढून टाकणे, सुरू झाले आहे. फाटकी क्रमिक पुस्तके काढायला कोणाची हरकत नाही. पण त्या गठ्ठ्यांत शाळेचे जुने वार्षिकांक आहेत, वादविवाद मंडळाची इतिवृत्ते आहेत आणि जर्मन फादरांच्या काळातील हस्ताक्षरातल्या नोंदवह्या आहेत. ज्या संघाने या शहराला हेरासांसारखा इतिहासकार दिला, त्याच संघाच्या एका शाळेतून तिचाच इतिहास रद्दीच्या भावाने जावा, हे पाहवत नाही.

आता आपल्या बाजूचे म्हणणे. अनुदानित शाळा चालवणे सोपे नाही, हे मला माहीत आहे. वेतनेतर अनुदान वेळेवर येत नाही, आले तर अपुरे येते. संचमान्यतेचे, म्हणजे विद्यार्थिसंख्येनुसार शिक्षकांची पदे मंजूर करण्याचे, निकष दर काही वर्षांनी बदलतात. रिकाम्या जागा भरायला परवानगी मिळत नाही. इमारत जुनी आहे आणि दुरुस्तीचा भार पूर्णपणे संस्थेवर आहे. ज्यांना परवडते ते पालक राज्य मंडळ सोडून दुसरीकडे जात आहेत, हेही खरे. या अडचणींचे ओझे आपण एकट्याने वाहिले, त्याबद्दल मनात कृतज्ञता आहे. परंतु या अडचणींवर माजी विद्यार्थ्यांकडे कधी मदत मागितली गेली नाही, सरकारशी भांडायला पालकांना कधी बरोबर घेतले गेले नाही, आणि उपाय म्हणून पहिला बळी गेला तो सर्वांत कमी आवाज असलेल्या विभागाचा. नवी शाळा काढायला माझा विरोध नाही. तिथे मुलींनाही प्रवेश देणार आहात, ते तर स्वागतार्ह आहे. तेही फार आधी व्हायला हवे होते, आणि ते अनुदानित विभागातही व्हावे. माझे म्हणणे एवढेच की नवी शाळा जुनीच्या जागेवर नको, तिच्या शेजारी हवी, आणि तिच्या उत्पन्नाने जुनीला हातभार लावावा. संस्थापकांनी श्रीमंतांच्या देणगीतून गरिबांना शिकवले, हाच त्यांचा हिशेब होता.

येशूसंघाच्या नेतृत्वाने अलीकडच्या काळात जे सांगितले तेही आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. ३१ जुलै १९७३ रोजी स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे संघाचे तेव्हाचे प्रमुख फादर पेद्रो अरूपे यांनी जेझुइट शाळांच्या माजी विद्यार्थ्यांसमोर उभे राहून, आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवले का, असा प्रश्न केला आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे ‘नाही’ असे दिले. इतरांसाठी जगणारी माणसे घडवणे हे आपल्या शाळांचे काम, असे ते म्हणाले. त्यांचे बोलणे काही माजी विद्यार्थ्यांना रुचले नव्हते. दोनच वर्षांत संघाच्या बत्तिसाव्या महासभेने श्रद्धेची सेवा आणि न्यायाची उभारणी एकमेकांपासून वेगळी करता येत नाहीत, असा ठराव केला. २०१९ मध्ये पुढच्या दहा वर्षांसाठी ज्या चार गोष्टींना प्राधान्य देण्याचे ठरले, त्यांतली एक गरिबांबरोबर व समाजाबाहेर टाकलेल्यांबरोबर चालण्याची आहे. ती दहा वर्षे अजून संपलेली नाहीत. याच काळात, याच संघाच्या शाळेत, पाचवीचे प्रवेश बंद होत आहेत.

म्हणून माझ्या आणि माझ्याबरोबर हे पत्र वाचून संमती दिलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या मागण्या स्पष्टपणे मांडतो.

पाचवीचे प्रवेश बंद करण्याचा निर्णय ताबडतोब स्थगित करावा आणि येत्या जूनचे प्रवेश नेहमीच्या पद्धतीने, नेहमीच्या तुकड्यांत व्हावेत. अनुदानित विभागाचा मागील पाच वर्षांचा जमाखर्च, आलेले व थकलेले अनुदान यांसह, पालक, शिक्षक आणि माजी विद्यार्थी यांच्यासमोर मांडावा, म्हणजे तूट किती आणि ती कोणी कशी भरायची यावर आकडे समोर ठेवून बोलता येईल. ही तूट भरण्यात आपला वाटा उचलण्याची आमची लेखी तयारी आहे, आणि थकीत अनुदानासाठी शिक्षण संचालकांकडे व मंत्रालयात आपल्याबरोबर येण्याचीही.

नवी शाळा काढायचीच असेल, तर तिच्या प्रत्येक वर्गातील किमान एक चतुर्थांश जागा परिसरातील गरीब कुटुंबांतील मुलांना विनामूल्य द्याव्यात. कायद्याची सक्ती नसताना संस्थेने हे स्वतःहून आपल्या प्रवेश धोरणात लिहावे आणि ते धोरण जाहीर करावे. अशा मुलांसाठी शाळेआधीचा तास पुन्हा सुरू करावा. तो घ्यायला निवृत्त शिक्षक आणि माजी विद्यार्थी येतील.

मराठीला दोन्ही विभागांत पूर्ण गुणांच्या, लेखी परीक्षेच्या विषयाचा दर्जा द्यावा, आणि सध्याच्या एकाही मराठी शिक्षकाला अतिरिक्त ठरू देऊ नये. ग्रंथालयातील निर्लेखन आजच थांबवावे; वार्षिकांक, नोंदवह्या, प्रवेशअर्ज आणि इतिवृत्ते यांची यादी करून ती संस्थेच्या अभिलेखागारात किंवा हेरास संस्थेसारख्या जाणत्या ठिकाणी सुरक्षित ठेवावीत. गठ्ठे बांधून कोठारात ठेवलेली पुस्तके अजून इमारतीत आहेत, असे ग्रंथालयातून कळते. म्हणजे हे काम अजून हातचे गेलेले नाही.

यापुढे पालकांसाठीचे प्रत्येक परिपत्रक मराठीतही निघावे.

या सर्वांवर बोलण्यासाठी पालक, शिक्षक, माजी विद्यार्थी आणि व्यवस्थापन यांची एकत्र सभा शाळेच्या सभागृहात बोलवावी, आणि ती प्रवेशअर्जांचे वाटप सुरू होण्याच्या आधी व्हावी, कारण एकदा का या वर्षीचा पाचवीचा वर्ग भरला नाही, की पुढच्या वर्षी विद्यार्थीच नाहीत या कारणाने तुकडीची मान्यता जाईल आणि मग निर्णय मागे घेण्याची आपली इच्छा असली तरी उपयोग होणार नाही. सभेची तारीख आपण ठरवावी. आम्ही कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळी येऊ.

आपला नम्र,
शाळेचा एक माजी विद्यार्थी